सवलत कोणाची, किंमत कोणाची?

दादरा आणि नगर हवेलीचे नाव निघाले की गोमंतकीय मनाला प्रथम आठवतो तो १९५४ चा पावसाळा. त्या जुलैच्या उत्तरार्धात दादरा व नरोली मुक्त झाली, २ ऑगस्टला सिल्वासात तिरंगा चढला आणि पोर्तुगीज साम्राज्याच्या तटबंदीला पहिले भगदाड पडले. गोव्याची मुक्ती त्यानंतर सात वर्षांनी आली. एकाच जोखडाखालून सुटलेल्या भावंडांचे नाते या दोन प्रदेशांमध्ये आहे. त्यामुळे देशातील एका अतिविशाल दिवाळखोरीच्या संदर्भात सिल्वासाचे नाव घेतले जाऊ लागले, तेव्हा परमुलखातील वृत्त म्हणून ते नजरेआड करणे उचित ठरले नसते. त्या प्रकरणावर आता न्यायाधिकरणाचा शिक्का बसला आहे, मालकी बदलली आहे आणि वर्तमानपत्रांतील मथळेही विरले आहेत. अशा शांत वेळीच त्याचा हिशेब मांडणे शक्य होते. गलबल्यात फक्त आरोप होतात.

हे प्रकरण आलोक इंडस्ट्रीज या कापड कंपनीचे. १९८६ मध्ये मुंबईत ती स्थापन झाली, १९९३ मध्ये तिने सार्वजनिक कंपनीचे रूप घेतले आणि सिल्वासा, वापी व नवी मुंबई येथे सूत, पॉलिएस्टर, कापड, चादरी व तयार कपडे यांचे अवाढव्य कारखाने उभारले. तिचे नोंदणीकृत कार्यालय सिल्वासानजीकच्या राखोली-सायली गावांच्या हद्दीत आहे. धंदा वाढला, परंतु धंद्यापेक्षा कर्ज अधिक वेगाने वाढले. कापड विणणारी कंपनी इंग्लंडमध्ये कपड्यांच्या दुकानांची साखळी चालवू लागली, झेक प्रजासत्ताकात गिरणी बाळगू लागली आणि मुंबईत, जेथे एके काळी गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या लोअर परळमध्ये, कार्यालयीन इमारतीच्या व्यवहारात उतरली. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने देशातील ज्या बारा बड्या थकबाकीदारांना दिवाळखोरी संहितेखाली नेण्याचे आदेश बँकांना दिले, त्या यादीत या कंपनीचे नाव होते. १८ जुलै २०१७ रोजी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या अहमदाबाद पीठाने प्रकरण दाखल करून घेतले. बँका आणि अन्य वित्तीय धनकोंचे मान्य झालेले दावे होते सुमारे २९,५२३ कोटी रुपयांचे. रिलायन्स इंडस्ट्रीज आणि जे. एम. फायनान्शियल अ‍ॅसेट रिकन्स्ट्रक्शन कंपनी यांची योजना ८ मार्च २०१९ रोजी मंजूर झाली, तेव्हा धनकोंच्या पदरी पडावयाचे होते सुमारे ५,०५२ कोटी. म्हणजे रुपयामागे सतरा पैसे! उरलेल्या त्र्याऐंशी पैशांना बँकांच्या भाषेत ‘हेअरकट’ म्हणतात. इतके केस गेल्यावर त्याला केशकर्तन म्हणणे हा भाषेचाही अपमान आहे. मराठीत याला मुंडन म्हणतात.

या व्यवहारात कोणी लबाडी केली, असा आमचा आरोप नाही. आमचा प्रश्न त्याहून खोल आणि म्हणूनच अधिक अस्वस्थ करणारा आहे. लबाडी गृहीत न धरताही, सर्व कागदपत्रे भरली जात असताना, सर्व सभा रीतसर होत असताना आणि सर्व ताळेबंदांवर सह्या होत असताना जर चोवीस हजार कोटींहून अधिक रक्कम बुडू शकत असेल, तर दोष केवळ माणसांत नसून रचनेत आहे. ती रचना नीट समजून घेतल्याखेरीज ‘कडक कायदे करा’ ही आरोळी आणि ‘उद्योगांना मोकळे सोडा’ ही आरोळी, दोन्ही सारख्याच पोकळ ठरतात.

रचनेच्या मुळाशी एक सवलत आहे. कंपनी बुडाली तर भागधारकाचे भाग बुडतात. त्याच्या घरादारावर, शेतीवाडीवर जप्ती येत नाही. मर्यादित दायित्व या नावाने ओळखले जाणारे हे अभय इंग्लंडमध्ये १८५५ च्या कायद्याने आणि हिंदुस्थानात १८५७ च्या कायद्याने मिळाले. ते निसर्गदत्त नाही. समाजाने कायदा करून दिलेले आहे, आणि तेही विचारपूर्वक दिलेले आहे. ते नसते तर सामान्य माणसाने आपली शिल्लक अनोळखी लोकांच्या कारखान्यात कधी गुंतवली नसती आणि रेल्वे, पोलाद, कापड यांचे मोठे उद्योग उभेच राहिले नसते. मात्र या अभयाची दुसरी बाजू अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच ओळखली होती. दुसऱ्यांचा पैसा सांभाळणारे संचालक स्वतःच्या पैशाइतक्या डोळ्यांत तेल घालून तो सांभाळतील अशी अपेक्षा बाळगू नये, असे त्याने बजावले होते.

या दुसऱ्या बाजूचे गणित कोणाही किराणा व्यापाऱ्याला समजेल इतके सोपे आहे. एखाद्या उद्योजकाने स्वतःचे १० रुपये आणि बँकेचे ९० रुपये घालून १०० रुपयांचा उद्योग आरंभला, असे समजू. व्याज तूर्त बाजूला ठेवू. उद्योग साधला तर १४० रुपये होतील आणि फसला तर ४० उरतील. दोन्हींची शक्यता सारखी. समाजाच्या दृष्टीने हा तोट्याचा सौदा आहे, कारण १०० घालून सरासरीने ९० च हाती येतात. पण उद्योजकाच्या दृष्टीने? साधला तर बँकेचे ९० फेडून ५० त्याचे; फसला तर त्याचे गेले फक्त १०, कारण उरलेले ४० बँक घेईल आणि बाकीच्याचे पाणी सोडेल. सरासरीने त्याच्या हाती २५ पडतात, म्हणजे त्याने घातलेल्याच्या अडीचपट. तोटा सोसते ती बँक. देशाला बुडवणारा हा व्यवहार उद्योजकाला मात्र शहाणपणाचा वाटतो, आणि त्यासाठी त्याने अप्रामाणिक असण्याचीही गरज नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याची सोय असली की दातृत्वाला आणि साहसाला सारखेच उधाण येते. स्वतःचा पैसा जितका थोडा आणि उसना जितका अधिक, तितका हा मोह मोठा. इमारती, परदेशी दुकाने, नवनवे विस्तार यांकडे कर्जबाजारी कंपन्या का ओढल्या जातात, याचे एक उत्तर या दहा रुपयांच्या गणितात आहे.

म्हणूनच मर्यादित दायित्व हे दान नव्हे, ती सशर्त सनद आहे. आणि सशर्त सनद म्हणजे काय, हे नगर हवेलीच्या मातीइतके कोणाला ठाऊक असणार? पोर्तुगीज अमदानीत तेथे ‘अलवारा’ नावाने जमिनी दिल्या जात. जमीन लागवडीखाली आणावी ही त्यामागची अट. ती पाळली नाही तर सनद परत घेण्याचा अधिकार सरकारकडे राहत असे. मुक्तीनंतर १९७१ च्या भूसुधारणा विनियमाने या प्रकारचे भूधारण मोडीत काढले. जेथे अट पाळली गेली नव्हती अशा काही सनदा जिल्हाधिकाऱ्यांनी १९७४ मध्ये रद्द केल्या. त्यावर खटला उभा राहिला, पायरी पायरीने वर चढला आणि सर्वोच्च न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांचा तो निर्णय उचलून धरला तो मार्च २०२५ मध्ये. अट लिहिलेली होती, ती मोडल्याचा निष्कर्षही निघाला होता. पण त्या निष्कर्षावर शेवटची मोहोर उमटेपर्यंत एक्कावन्न वर्षे लोटली. सनदेतील अटीचे मोल कागदावर ठरत नाही, ती तपासणारा किती वेळेवर येतो यावर ठरते, हा या दीर्घ खटल्याचा धडा आहे.

सिल्वासाचे आजचे औद्योगिक वैभवही सवलतींवरच उभे राहिले. १९६० च्या दशकात पिपरिया येथे सहकारी तत्त्वावर पहिली औद्योगिक वसाहत निघाली. पुढे विक्रीकरातून दीर्घ मुदतीची सूट मिळाली आणि आयकर कायद्याच्या आठव्या अनुसूचीत या प्रदेशाचा समावेश मागास भाग म्हणून झाला. नव्या कारखान्याला पहिली पाच वर्षे नफ्यावर पूर्ण करमाफी लाभली. मुंबई आणि सुरतेच्या मधोमध, वापीच्या रेल्वेस्थानकापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या या चिमुकल्या मुलखात धागा, प्लास्टिक, तांबे, औषधे यांचे कारखाने उभे राहिले नसते तरच नवल. या सवलतींनी काहीच साधले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. ज्या प्रदेशात वारली, कोकणा, धोडिया बांधवांना पावसाळी शेती सरल्यावर रोजगारासाठी परमुलखाची वाट धरावी लागे, तेथे घराजवळ काम आले, रस्ते आले, वीज आली.

पण त्या सवलतीची अट कोणती होती? किती स्थानिकांना किती वर्षे काम द्यावयाचे, सवलतीची मुदत संपल्यावर कारखाना किती काळ चालू ठेवावयाचा, माफ झालेल्या कराच्या बदल्यात प्रदेशाला काय मिळाले, याचा कंपनीनिहाय हिशेब जनतेपुढे मांडण्याची पद्धत आपल्याकडे रुजलीच नाही. २००१ च्या जनगणनेत या प्रदेशात आदिवासींचे प्रमाण सुमारे बासष्ट टक्के होते, २०११ मध्ये ते बावन्नावर आले. बाहेरून आलेल्या श्रमिकांच्या लोंढ्याचा तो परिणाम. श्रमिकाने पोटामागे कोठेही जावे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र ज्यांच्या मागासपणाच्या नावे करमाफी मिळाली, त्यांच्या ताटात काय पडले हे विचारण्याचा अधिकार त्यांना आहे, आणि त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची सक्ती कोणावरच नाही.

सवलतीच्या अटी तपासण्यासाठी कंपनी कायद्याने राखणदार नेमलेले नाहीत असे नाही. ते चांगले चार आहेत. पहिला राखणदार संचालक मंडळ. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र असले पाहिजेत. परंतु स्वतंत्र संचालकाला निवडतो कोण? बहुतांशी ज्याच्यावर त्याने लक्ष ठेवावयाचे तो प्रवर्तकच. पाश्चात्त्य देशांत भागधारक विखुरलेले आणि व्यवस्थापक शिरजोर, असे चित्र बर्ल आणि मीन्स या अभ्यासकांनी १९३२ मध्ये रेखाटले. आपल्याकडचे चित्र निराळे आहे. येथे मालकी आणि सत्ता बहुधा एकाच कुटुंबाच्या हाती असते आणि झगडा असतो तो प्रवर्तक विरुद्ध छोटा भागधारक व धनको यांच्यामध्ये. अशा घरात स्वतंत्र संचालक हा पाहुणा असतो. आणि पाहुण्याने यजमानाच्या स्वयंपाकघरात डोकावू नये, हा शिष्टाचार आपण सारेच पाळतो.

दुसरा राखणदार लेखापरीक्षक. ज्याचे हिशेब तपासावयाचे त्याच्याकडूनच त्याने आपले शुल्क घ्यावयाचे, ही त्याची अडचण. सत्यमचा स्फोट जानेवारी २००९ मध्ये झाला. परीक्षकांवर देखरेख ठेवणारे राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण स्थापन झाले ते ऑक्टोबर २०१८ मध्ये. बैल गेला आणि झोपा केला, आणि तोही नऊ वर्षांनी!

तिसरा राखणदार कर्ज देणारी बँक. खरे तर तिचा पैसा गुंतलेला असल्याने तिने सर्वाधिक जागरूक असावयास हवे. पण थकलेले कर्ज थकले म्हणून नोंदवले की बँकेचा स्वतःचा नफा बुडतो आणि अधिकाऱ्याच्या कारकिर्दीला डाग लागतो. त्यापेक्षा नवे कर्ज देऊन जुन्याचे व्याज वसूल झाल्याचे दाखवणे आणि दोन-तीन वर्षांत बदली होऊन निघून जाणे प्रत्येकाला सोयीचे. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने मालमत्तेच्या गुणवत्तेची झाडाझडती घेतली, तेव्हा हा गालिचा उचलला गेला आणि खालचा कचरा दिसला. मार्च २०१८ पर्यंत अनुसूचित व्यापारी बँकांची ढोबळ थकीत कर्जे अकरा टक्क्यांच्या पुढे गेली होती. मार्च २०२५ मध्ये ती अडीच टक्क्यांच्या आत आली, हे निःसंशय मोठे यश. परंतु त्या यशाची किंमत कोणी मोजली? २०१६-१७ ते २०२०-२१ या पाच वर्षांत सरकारने सार्वजनिक बँकांत तीन लाख कोटींहून अधिक भांडवल ओतले. तो पैसा काडेपेटीपासून मोटारीपर्यंत सर्व वस्तूंवर कर भरणाऱ्या तुमच्या-आमच्या खिशातला होता.

चौथा राखणदार स्वतः भागधारक. शंभर भाग बाळगणाऱ्या निवृत्त शिक्षकाने ताळेबंद वाचावा, जाब विचारावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. परंतु त्याने विचारलेल्या प्रश्नाचा लाभ लाखो भागधारकांत वाटला जाणार आणि खर्च मात्र त्याच्या एकट्याच्या डोक्यावर पडणार. अशा वेळी तो गप्प बसतो, आणि त्याचे गप्प बसणे मूर्खपणाचे नसून हिशेबाचे असते. त्यातच वार्षिक सर्वसाधारण सभा नोंदणीकृत कार्यालयात किंवा त्याच शहरी-गावी घेतली पाहिजे, असा कायद्याचा नियम आहे. नियम चांगल्या हेतूने केलेला. परंतु कंपनीचे निर्णय मुंबईत, भागधारक देशभर विखुरलेले आणि सभा एखाद्या औद्योगिक वसाहतीत, अशी परिस्थिती कितीतरी कंपन्यांबाबत निर्माण होते. पुण्याच्या वा पणजीच्या भागधारकाने तेथे पोहोचावे तरी कसे? २०२० च्या महामारीत दूरदृश्य प्रणालीने सभा घेण्याची मुभा मिळाली, तेव्हा घरबसल्या प्रश्न विचारण्याची सोय झाली. संकटाने दिलेल्या या एका चांगल्या सवयीला कंपनी कायद्यात पक्के आणि सक्तीचे स्थान मिळाले पाहिजे.

यावर उद्योगपतींकडून येणारा आक्षेप आम्ही ऐकून आहोत आणि तो अगदीच निराधार नाही. स्वातंत्र्योत्तर काळात आपण नियंत्रणांचा अतिरेकही करून पाहिला. १९५१ च्या औद्योगिक विकास व नियमन कायद्याने कारखाना काढण्यापूर्वी परवाना सक्तीचा केला, १९६९ च्या मक्तेदारी-विरोधी कायद्याने वाढीवर पहारा बसवला, १९७० मध्ये ब्रिटिशकालीन मॅनेजिंग एजन्सीची पद्धत मोडली. शेवटची सुधारणा अत्यंत आवश्यक होती. कंपनी तोट्यात असतानाही एजंटांनी कमिशनाची साय खाल्ल्याची उदाहरणे जुन्या पिढीला स्मरत असतील. पण एकूण परिणाम काय झाला? जन्माच्या दारात कडक पहारा, जगण्याच्या काळात दुर्लक्ष आणि मरणाच्या दारात तर कुलूपच. आजारी उद्योगांसाठी १९८५ चा कायदा आला, त्याखाली मंडळ नेमले गेले, आणि त्या मंडळापुढे आजारी कंपन्या वर्षानुवर्षे ना जिवंत ना मृत अशा अवस्थेत पडून राहिल्या. त्या काळात यंत्रे गंजली, कामगारांची देणी थकली. प्रवर्तक मात्र गादीवर कायम. मुंबईच्या गिरणी कामगाराला हे सांगण्याची आवश्यकता नाही.

म्हणून ‘नियंत्रण अधिक की कमी’ हा प्रश्नच चुकीचा मांडला गेला आहे. नियमांनाही खर्च असतो. प्रत्येक विवरणपत्रासाठी एक कारकून लागतो, प्रत्येक परवानगीसाठी एक खेटा आणि कित्येकदा एक पाकीट. हा भार बड्या कंपनीला जाणवत नाही. पिपरियातील वीस कामगारांच्या छोट्या कारखानदाराचे मात्र तो कंबरडे मोडतो. नियम थोडे असावेत, पण जेथे दुसऱ्याचा पैसा गुंतला आहे तेथे ते टोकदार असावेत, आणि त्यांची तपासणी पैसा शिल्लक असतानाच व्हावी. कसोटी ही.

या कसोटीवर २०१६ ची दिवाळखोरी संहिता निम्मी उतरते. थकवणाऱ्या प्रवर्तकाची गादी हलू शकते, हे तिने प्रथमच सिद्ध केले. नोव्हेंबर २०१७ च्या दुरुस्तीने तर कर्ज थकवून तीच कंपनी स्वस्तात पुन्हा विकत घेण्याची वाटही बव्हंशी बंद केली. या भीतीनेच अनेक ऋणको न्यायाधिकरणाच्या पायरीपूर्वी पैसे भरू लागले, आणि संहितेचा खरा लाभ तोच. पण आलोकच्या प्रकरणात तिची मर्यादाही दिसली. एप्रिल २०१८ मध्ये धनकोंच्या मतदानात योजनेला सुमारे सत्तर टक्के मते मिळाली; कायद्याला पंच्याहत्तर हवी होती. कंपनी मोडीत निघण्याच्या काठावर आली. ६ जून २०१८ च्या अध्यादेशाने ही मर्यादा सर्वच कंपन्यांसाठी सहासष्ट टक्क्यांवर आणली, फेरमतदान झाले आणि सुमारे बहात्तर टक्के मतांनी तीच योजना तरली. कारखाना मोडीत निघण्यापेक्षा चालू राहिला, हे कामगारांच्या दृष्टीने बरेच झाले. मोडीत निघून धनकोंनाही अधिक काही मिळाले नसते. परंतु डाव चालू असताना नियम बदलावा लागणे हे नियमकर्त्याला भूषणावह नाही. योजना मंजूर झाल्यावरही नवे संचालक मंडळ स्थिरावण्यास २०२० उजाडले आणि २०२४-२५ पर्यंत कंपनीचा तोटा थांबलेला नव्हता. संहिता हे शवागार नव्हे, इस्पितळ आहे, असे आपण म्हणतो. मग रुग्ण तेथे शेवटचा श्वास मोजत असतानाच का पोहोचावा?

तो वेळेवर पोहोचावा म्हणून एक साधा उपाय होता. बँकेचा हप्ता चुकला की नोंदणीकृत कंपनीने ते लगेच जाहीर करावे, असे परिपत्रक सेबीने ऑगस्ट २०१७ मध्ये काढले. सप्टेंबरअखेरीस, अंमलाच्या तोंडावर, ते स्थगित झाले. पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये सौम्य रूपात ते परतले. कर्जाचा हप्ता तीस दिवसांहून अधिक काळ थकला तर माहिती द्यावयाची, आणि तेही जानेवारी २०२० पासून. मधल्या दोन वर्षांत किती छोट्या गुंतवणूकदारांनी बुडत्या जहाजाची तिकिटे काढली असतील? बँकेला ठाऊक, प्रवर्तकाला ठाऊक, अंधारात फक्त तो. बाजाराच्या शिस्तीवर ज्यांचा विश्वास आहे त्यांनी तरी माहिती दडवण्याचे समर्थन करू नये; कारण माहितीखेरीज बाजार म्हणजे आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ.

हे सर्व सिल्वासाचे दुखणे आहे, आपले काय, असे गोमंतकातील वाचकाने म्हणू नये. आपल्या खाणी हे याच रोगाचे आपल्या अंगणातील रूप आहे. पोर्तुगीज काळातील खाणींच्या सवलती १९८७ च्या कायद्याने खाणपट्टे ठरल्या, तेही डिसेंबर १९६१ पासूनच्या परिणामाने. मुदती संपल्या, नूतनीकरणे झाली, अटी कागदावर राहिल्या. शहा आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये आला आणि खाणी थांबल्या. पट्ट्यांची मुदत २००७ मध्येच संपली होती असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण रद्द केले. दंड कोणाला झाला? कर्ज काढून ट्रक घेतलेल्या डिचोली-सांग्याच्या तरुणाला, बार्जवरच्या खलाशाला, खाणीच्या वाटेवर चहाचे दुकान थाटलेल्या विधवेला. नफ्याची वर्षे एकाची आणि बंदीची वर्षे दुसऱ्याची, ही वाटणी राखणदाराच्या झोपेतूनच जन्मते. वेळेवर केलेली छोटी तपासणी कंपनीला टोचते. उशिरा आलेली मोठी कारवाई सबंध तालुक्याला उपाशी ठेवते.

तेव्हा करावयाचे काय? आमच्या मते चार गोष्टी. एक, सरकारने दिलेली प्रत्येक मोठी सवलत, मग ती कराची असो, जमिनीची असो वा खनिजाची, कंपनीच्या नावासह, रकमेसह आणि अटींसह दर वर्षी प्रसिद्ध व्हावी, आणि ती माहिती त्या तालुक्याच्या भाषेत, ग्रामपंचायतीच्या फलकावर उपलब्ध असावी. दोन, स्वतंत्र संचालकांपैकी निदान एकाची निवड प्रवर्तकांची मते वगळून, केवळ अन्य भागधारकांच्या मतांनी व्हावी. त्यांच्या नेमणुकीसाठी विशेष ठराव हवा, असा नियम २०२२ च्या आरंभापासून लागू झाला आहे. ते पाऊल स्वागतार्ह, पण अपुरे. तीन, हप्ता थकल्याची माहिती जाहीर करण्याची मुदत तीस दिवसांवरून काही दिवसांवर यावी. चार, थकबाकीची पहिली घंटा वाजताच कामगारांच्या प्रतिनिधीला ताळेबंद पाहण्याचा हक्क मिळावा. मोडीत निघालेल्या कंपनीत कामगारांच्या चोवीस महिन्यांच्या देण्याला तारण असलेल्या धनकोंच्या बरोबरीचे स्थान कायद्याने दिले आहे, ते न्याय्यच आहे. पण तिजोरी रिकामी झाल्यावर बरोबरीचे स्थान म्हणजे रिकाम्या ताटापुढचा मानाचा पाट.

यातील एकाही उपायासाठी नवे खाते, नवा परवाना वा नवा निरीक्षक लागत नाही. लागतो तो उजेड. आणि उजेड हे सर्वांत स्वस्त नियंत्रण आहे. त्याचा भार प्रामाणिक उद्योजकाला होत नाही, उलट कर्जाच्या बाजारात त्याची पत वाढते व त्याला व्याज कमी पडते. जे उद्योगपती अशा प्रकटीकरणाला विरोध करतील, त्यांनी तो कशासाठी हे एकदा स्पष्ट सांगावे.

सिल्वासा मुक्त झाल्यावर १९५४ ते १९६१ या काळात तेथील कारभार वरिष्ठ पंचायतीने चालवला. भारतात विलीनीकरण होईपर्यंत तो मुलूख एका अर्थाने कोणाच्याच मालकीचा नव्हता. पंचायतीकडे तो ठेव म्हणून होता. ११ ऑगस्ट १९६१ रोजी ती ठेव देशाच्या हवाली झाली. दुसऱ्याचे धन हाती आल्यावर ते कसे सांभाळावे आणि वेळ येताच कसे परत करावे, याचा हा वस्तुपाठ. गांधीजींनी भांडवलदारांकडून अशाच विश्वस्तवृत्तीची अपेक्षा केली होती. सर्वच माणसे विश्वस्त होत नाहीत, हे मान्य. म्हणूनच कायदा हवा, लेखापरीक्षक हवा, सेबी हवी. पण राखणदार कितीही नेमले तरी सनद देणाराच जर विचारणार नसेल की अट पाळली का, तर कुंपण आणि शेत यांतला भेद उरत नाही. ही सनद देणारा कोणी दूरचा साहेब नाही. करांतून, ठेवींतून आणि मतांतून ती आपण देतो. विचारणाही आपणच केली पाहिजे, आणि ती न्यायाधिकरणाच्या दारात नव्हे, पहिला हप्ता चुकला त्या दिवशी.